नळीत थांबलेलं पाणी

पाणी खात्याच्या प्रयोगशाळेसाठी घरोघरच्या नळांचे नमुने गोळा करणारी बाई अख्ख्या शहरात बाटलीताई म्हणून ओळखली जायची. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच ते सुखाने राहत होतं. एकोणीस वर्षं ती एक निळी पेटी, त्यात बर्फाच्या थैल्या आणि रिकाम्या बाटल्या घेऊन दारोदार फिरत होती. तुम्ही लोकांना पाण्यात पाहता, असं कोणी चिडवलं की ती म्हणायची, लोकांना नाही, लोकांचं पाणी पाहते, फरक आहे त्यात.

काम नाकासमोरचं होतं. नळाचं तोंड पुसायचं, तिथे चिकटलेले जंतू मरावेत म्हणून त्याला क्षणभर स्पिरिटच्या दिव्याची आच दाखवायची, मग नळ पाच मिनिटं मोकळा सोडायचा आणि त्यानंतर बाटली भरायची. पाच म्हणजे पाच. ताई घड्याळ लावून उभी राहायची. त्या पाच मिनिटांत घरातली माणसं काही ना काही बोलायचीच. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाच्या सुनेला नवी नोकरी लागली, कोणाचा भाऊ बोलत नाही. शहराची निम्मी सुखदुःखं ताईला वाहत्या नळाशेजारी कळली होती आणि त्यातली एकही तिने दुसऱ्या घरी नेली नव्हती. म्हणून दारं उघडायची.

एका गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. टेकडीमागच्या गल्लीत ती कपडे शिवायची, त्यामुळे सगळे तिला शिवणवाली म्हणत. गळ्यात टेप तसाच लटकत होता, म्हणजे काम अर्ध्यात टाकून आली होती. हातात खात्याचाच एक अहवाल होता, चार महिन्यांपूर्वीचा. तिच्या घरच्या नळाचं पाणी पिण्यास योग्य आहे, असं त्यावर लिहिलं होतं. नमुना घेणाऱ्याची सही ताईची होती.

शिवणवालीला साडेतीन वर्षांची मुलगी होती. घरात तिला चिमणी म्हणत, कारण ती दिवसभर चिवचिवत असायची. गेल्या सहा महिन्यांत तिची चिवचिव बंद झाली होती. पोट दुखतं म्हणून रडायची, जेवायला बसली की ताट सरकवायची, आणि येत असलेले शब्दसुद्धा विसरायला लागली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. आकडा होता तेवीस. पाचच्या वर गेला की डॉक्टर लोक काळजीत पडतात. मग घराची झडती सुरू झाली. भिंतीचा रंग खरवडून तपासून घेतला, खेळणी फेकून दिली, चुलत्याने आणलेला रंगीत कपसुद्धा गेला. कशातच काही सापडलं नाही. पाण्यावर कोणाचा संशय नव्हता, कारण पाण्याला खात्याने चांगलं म्हटलं होतं.

ती भांडायला आली नव्हती. तिने अहवाल खिडकीतून आत सरकवला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही बाटली भरायच्या आधी नळ किती वेळ सोडता?"

"पाच मिनिटं."

"मी सोडत नाही. सकाळी उठते, नळ उघडते आणि त्याच पाण्यात चिमणीची दुधाची पावडर कालवते. पाच मिनिटं पाणी कोण वाया घालवतं, ताई? पाणी जपून वापरा म्हणून तुमच्याच पाट्या लागल्यात चौकाचौकात."

ताईने अहवालावरची आपली सही पुन्हा पाहिली. एकोणीस वर्षं ती जे पाणी मोजत होती ते कोणाच्याच पोटात सकाळी पहिल्यांदा जात नव्हतं, ही साधी गोष्ट तिच्या कधी ध्यानातच आली नव्हती. ती एवढंच म्हणाली, की आज झोपायच्या आधी सगळे नळ घट्ट बंद करा, संडासातलंही पाणी सोडू नका, आणि उद्या सकाळी मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती शिवणवालीच्या स्वयंपाकघरात होती. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला कोणाचा तरी कोट, आणि खुर्चीवर अंगठा तोंडात घालून बसलेली चिमणी. ताईने या वेळी नळाला आच दाखवली नाही. तोंडाखाली बाटली धरली आणि नळ उघडला, तसं जे आलं ते भरून घेतलं. मग पाच मिनिटं पाणी सोडलं आणि दुसरी बाटली भरली. दोन्ही बाटल्या खिडकीतल्या उजेडात धरून पाहिल्या. दोन्ही स्वच्छ, दोन्हींना वास नाही, रंग नाही. शिवणवालीने विचारलं, काही दिसतंय का. ताई म्हणाली, दिसत असतं तर माझी गरजच नव्हती.

प्रयोगशाळेत यंत्रावर बसणारा केमिस्ट मितभाषी गृहस्थ होता. तीन दिवसांनी तो स्वतः उठून ताईच्या टेबलाशी आला, त्यावरूनच ताई समजली. एका लिटरमध्ये दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असू नये, असा नियम. पाच मिनिटांनंतरच्या बाटलीत चार होतं. पहिल्या बाटलीत चौसष्ट. त्याने तीनदा मोजून पाहिलं होतं.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती तडक वरच्या मजल्यावर मॅडमकडे गेली. मॅडम बारा वर्षं प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. कामाला चोख, बोलायला मोजून मापून, आणि न वाचता कशावरही सही न करणाऱ्या. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, की हा नमुना नियमाप्रमाणे घेतलेला नाही, त्यामुळे अहवालात धरता येणार नाही. पाच मिनिटांचा नियम का आहे तेही त्यांनी समजावलं. तो नियम जंतूंसाठी केलेला होता. रस्त्याखालच्या मोठ्या नळातलं पाणी कसं आहे ते कळावं म्हणून घरातल्या नळीत साचलेलं आधी वाहून जाऊ द्यायचं. जंतूंच्या बाबतीत ते बरोबरच होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "रस्त्यातलं पाणी आपलं. मीटरच्या पुढची नळी घरमालकाची. आपली हद्द तिथे संपते."

"मॅडम," ताई म्हणाली, "पाणी पितात ते मीटरच्या पुढेच."

मॅडमनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले. मग कपाटाची किल्ली काढून दिली. वीस बाटल्या घेऊन जा, अभ्यास म्हणून, असं म्हणाल्या. आणि ताई दारापर्यंत पोचली तेव्हा मागून हाक मारली, की त्या मुलीच्या आईला आजच्या आज निरोप दे, सकाळी पाच मिनिटं पाणी सोडून मगच भर, आणि उकळू नकोस, उकळल्याने शिसं जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

आता प्रश्न होता तो कुठल्या घरात शिशाची नळी आहे याचा. खात्याच्या नकाशावर रस्त्याखालचे मोठे नळ होते, मीटर होते, आणि मीटरच्या पुढे कोरा कागद. पण ताईच्या घरातच एक माणूस होता, ज्याला तो कोरा कागद पाठ होता.

ताईचं लग्न झालं नव्हतं, आणि आता त्याचा विषयही कोणी काढत नसे. ती बाबांबरोबर राहायची. बाबा एकोणऐंशी वर्षांचे. सगळी हयात त्यांनी नळजोडणीत घालवली होती आणि लोक अजून त्यांना मिस्त्रीच म्हणत. बोटं वाकडी झाली होती, पण घरातला नळ ठिबकला तर दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

जेवताना ताईने विचारलं, टेकडीमागच्या गल्लीत नळ्या कोणी घातल्या होत्या.

बाबांचा चेहरा खुलला. कोणी म्हणजे, मीच, असं म्हणून ते सांगायलाच लागले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. एकेचाळीस घरं, सगळी एका मापाची, आणि प्रत्येक घराला चार सांधे. वितळलेला धातू सांध्यावर ओतायचा आणि तो गोठायच्या आत जाड कापडाच्या घडीने पुसून गोल करायचा. हात जरा थांबला की सांधा बिघडला. त्या एकेचाळीस घरांत एकही सांधा गळला नाही. मालकांनी खास सांगून चांगली नळी घालून घेतली होती. आपल्या घरात लोखंडी होती, कारण तेव्हा शिशाची नळी म्हणजे चैन.

"बाबा, तेच विचारायचं होतं," ताई म्हणाली, आणि तिने चिमणीबद्दल सगळं सांगितलं.

ती सांगत गेली तसा बाबांचा हात ताटात थांबला. मग ते उसळून बोलले, की तेव्हा शिशाइतकी चांगली नळी दुसरी नव्हती, सरकारी पुस्तकात लिहिलं होतं, वाकवली तर वाकायची, थंडीत फुटायची नाही, शंभर वर्षं टिकायची. ताई म्हणाली, तुम्हाला कोणी दोष देत नाही. बाबा म्हणाले, मी कुठे म्हणालो कोणी देतंय. ते उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. पुढचे दोन दिवस त्यांनी हूं की चूं केलं नाही. ताई कामावर जायची, यायची, भाजी चिरायची, आणि पलीकडच्या खोलीत बाबांच्या येरझाऱ्या ऐकायची. आपण चूक केली असं तिला वाटायला लागलं. या वयात माणसाच्या उभ्या आयुष्याच्या कामावर असं बोट ठेवायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती निघण्याच्या घाईत होती. बाबा मोरीच्या दाराशी उभे होते, दोन्ही हातांना साबणाचा फेस लागलेला.

"हे तळ्याचं नवं पाणी कधीपासून येतंय?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं झाली, ताईने सांगितलं. जुनं धरण आटायला लागल्यावर शहराला डोंगरातल्या तळ्याचं पाणी जोडलं होतं.

"फेस बघ किती येतोय. पूर्वी एवढ्या साबणात हात धुवून होत नसत. जुनं पाणी जड होतं. जड पाण्याने शिशाच्या नळीला आतून खपली धरते, आणि एकदा खपली धरली की पाण्याचा शिशाशी संबंध येत नाही. आमचे उस्ताद सांगायचे. हे नवं पाणी हलकं आहे. त्याने खपली खाल्ली असणार." त्यांनी हात धुतले आणि पंच्याला पुसत म्हणाले, "पन्नास वर्षं त्या गल्लीत कोणाला काही झालं नाही, ताई. दोन वर्षांत झालं."

ताई त्या दिवशी उशिरा पोचली, आयुष्यात पहिल्यांदाच. पण तिने मॅडमना बाबांचं म्हणणं शब्दशः सांगितलं. मॅडमनी फेसाची गोष्ट ऐकली आणि लगेच तळ्याच्या पाण्याच्या दोन वर्षांच्या तपासण्या मागवल्या. मिस्त्रींचा कयास अक्षरशः खरा होता. तपासण्यांचे कागद दोन वर्षं कपाटात होते, फक्त त्यांच्याकडे त्या नजरेने कोणी पाहिलं नव्हतं.

वीस बाटल्या गल्लीत वाटायचं काम सोपं निघालं नाही. शिवणवाली ताईबरोबर दारोदार फिरली, म्हणून बरीच घरं तयार झाली. पण कोपऱ्यावर एक निवृत्त बँकवाले आजोबा राहत होते. त्यांनी दार अर्धवटच उघडलं. गल्लीची बदनामी होईल, घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि आम्ही लहानपणापासून हेच पाणी पितोय, आम्हाला काय धाड भरली, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं पाहून शेजारच्या दोन घरांनीही बाटल्या परत केल्या. आजोबांची नात त्याच घरात रांगत होती, हे ताईला माहीत होतं. ती खट्टू होऊन घरी आली आणि जेवताना बाबांजवळ बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरलेल्या बाटल्या गोळा करायला गल्लीत शिरली, तर बँकवाल्या आजोबांच्या पायरीशी बाबा उभे. स्वच्छ सदरा घातलेला, केस विंचरलेले, जसे पूर्वी नव्या कामावर जाताना असत. दार उघडलेलं होतं. ताई थोडी मागेच थांबली.

"ही नळी मी घातली," बाबा म्हणत होते. "तुम्ही तेव्हा शाळकरी होता. तुमच्या आईला मी सांगितलं होतं, बाई, ही शंभर वर्षं हलणार नाही. शब्द खरा ठरला. पण आता ती काढायला हवी, आणि ते सांगायला मीच यायला पाहिजे, म्हणून आलो."

आजोबा दारातून बाजूला झाले. बाबा जिन्याखाली गेले, मुश्किलीने वाकले, खिशातून एक नाणं काढलं आणि भिंतीतून वर आलेल्या काळपट नळीवर कडेने ओरखडा काढला. काळपट सालीखाली धातू चांदीसारखा चमकला. लोखंड असं चमकत नाही, तांबं असं दिसत नाही. हे शिसं, असं बाबांनी सांगितलं आणि भिंतीला धरून उभे राहिले. आजोबांनी त्यांना हात दिला. मग आतून सुनेला हाक मारली आणि सांगितलं, त्या ताईंकडून बाटली घेऊन ये.

त्या सकाळी बाबा एकेक करून सगळ्या घरी गेले. शिवणवालीकडे सगळ्यांत शेवटी. ती कोटाच्या अस्तराला टाचण्या लावत होती आणि चार टाचण्या ओठांत धरलेल्या होत्या. बाबा दाराशीच उभे राहून म्हणाले, तुमच्या घरातली नळीपण माझीच. शिवणवालीने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं? शिशाचं?"

"नाही."

"मग बसा," ती म्हणाली.

तिने त्यांना पेला भरून पाणी दिलं. बाबा पेल्याकडे बघतच राहिले. पाच मिनिटं सोडून भरलंय, प्या, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी एका दमात पेला रिकामा केला. चिमणी टेबलाखालून त्यांच्या बुटांच्या नाड्या ओढत होती. तिला त्यांनी काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही, पण ते उठेपर्यंत तिने दोन्ही नाड्या सोडवून टाकल्या होत्या.

वीसपैकी सतरा बाटल्यांत आकडा दहाच्या वर निघाला.

आता गोष्ट मॅडमच्या हातात होती. वरच्या कार्यालयात बैठक झाली. अजून थोडे नमुने घ्या, उगाच लोक घाबरतील, पुढच्या महिन्यात पाहू, असा सूर निघाला. मॅडम बैठकीतून परत आल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि तासाभराने एक कागद घेऊन खाली आल्या. त्यावर सतरा घरांचे आकडे होते, काय करायचं आणि काय नाही ते सोप्या भाषेत लिहिलं होतं, आणि शेवटी एक वाक्य होतं: नळ सोडून नमुना घेण्याच्या नियमावर गेली बारा वर्षं माझी सही आहे, त्यामुळे शिसं आमच्या नजरेतून सुटलं. खाली त्यांची सही. तो कागद त्यांनी प्रयोगशाळेच्या बाहेरच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवला. ताईने विचारलं, वरून परवानगी आली का. मॅडम म्हणाल्या, यायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर रांग लागली. कोणी औषधाच्या बाटलीत पाणी आणलं होतं, कोणी मुलाच्या शाळेच्या बाटलीत, एका म्हाताऱ्या बाईने तर भांडंच झाकून आणलं होतं. काही जण तावातावाने आले होते. पण मितभाषी केमिस्टने बाहेर येऊन दोन तास प्रत्येकाला उत्तर दिलं, एवढं तो आधीच्या दहा वर्षांत मिळून बोलला नसेल. माणसं घाबरली होती, हे खरं. पण काय करायचं ते ठाऊक असलेलं घाबरणं वेगळं असतं, हे ताईला त्या रांगेत दिसलं. लोक एकमेकांना समजावत होते, उकळू नका, आधी सोडा, सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा. वरून परवानगी चार दिवसांनी आली. तोवर कागद वर्तमानपत्रात छापून आला होता, त्यामुळे ती न देणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

मग कामं झपाट्याने झाली. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तळ्याच्या पाण्यात चुना आणि फॉस्फेट अगदी मोजून मिसळायला सुरुवात झाली, म्हणजे सगळ्या शहरातल्या जुन्या नळ्यांना आतून पुन्हा खपली धरावी. लहान मुलं असलेल्या घरांना नळाला लावायच्या, शिसं अडवणाऱ्या गाळण्या दिल्या. आणि उन्हाळ्यात टेकडीमागची गल्ली खणायला घेतली. मीटरच्या पुढचं काम घरमालकांचं की खात्याचं, हा वाद बरेच दिवस चालला, आणि शेवटी खात्याने ते अंगावर घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी एक घडीची खुर्ची मांडलेली असायची, तिच्यावर बाबा. खणणारे कामगार त्यांना विचारून कुदळ मारत. बाबांना घरांचे क्रमांक आठवत नसत, पण वळणं आठवत. हे पायरीखालून जातं, इथे मोठा दगड होता म्हणून हातभर डावीकडून नेलं, त्या घरी कुत्रं सोडलेलं असायचं म्हणून घाईत सांधा जरा ओबडधोबड झालाय. कामगार खणत आणि नळी नेमकी तिथेच निघे. एकदा मात्र चुकलं. बाराव्या घरी अर्धा दिवस खणलं आणि हाती मातीशिवाय काही लागलं नाही. नळी निघाली पार परसातून. बाबा इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी यायलाच तयार नव्हते. कामगारांचा मुकादम घरी येऊन त्यांना घेऊन गेला. एकेचाळिसात एक चुकलं, मिस्त्री, आमच्या नकाशात तर एकही बरोबर नाही, असं तो म्हणाला.

शिवणवालीच्या घरची नळी कापून बाहेर काढली तेव्हा बाबांनी तो तुकडा मागून घेतला. मधोमध त्यांचाच सांधा होता, गुळगुळीत, गोल, पंचावन्न वर्षांत एक थेंब न गळलेला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. ताई शेजारी उभी होती. ते तिला म्हणाले, काम चांगलं झालं होतं गं, वाईट वाटतं आणि अभिमानपण वाटतो, आता याचं काय करायचं. ताई म्हणाली, दोन्ही वाटू द्या. त्यांनी तो तुकडा बाकीच्या भंगाराबरोबर गाडीत टाकला आणि पुढच्या घराकडे चालू लागले.

चिमणीचा आकडा एकदम उतरला नाही. तेवीसचा पंधरा व्हायला चार महिने लागले, पंधराचा नऊ व्हायला आणखी पाच. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, की शिसं रक्तातून जाईल, पण जे बिघडलं त्यातलं किती भरून येईल ते आत्ता सांगता येणार नाही. लक्ष ठेवावं लागेल, बोलण्याचा सराव करून घ्यावा लागेल. शिवणवालीने मशीनशेजारी एक लहान खुर्ची मांडली आणि शिवता शिवता सराव सुरू केला. बटण, कात्री, दोरा, बाही. पहिल्यांदा चिमणी नुसती बोट दाखवायची. मग एक दिवस गिऱ्हाईक कोट घालून पाहत असताना खुर्चीवरून आवाज आला, बाही लांब आहे. बाही खरोखरच लांब होती. आता ती शाळेत जाते. काही अक्षरं अजून अडतात, पण बोलायची थांबत नाही, आणि शिवणवाली तक्रार करते की या पोरीने डोकं खाल्लं. ती तक्रार ती ज्या तोंडाने करते, ते बघायला ताई मुद्दाम त्या गल्लीतून जाते.

खात्याचा नमुन्यांचा नियम बदलला. आता प्रत्येक घरातून दोन बाटल्या येतात, एक रात्रभर नळीत थांबलेल्या पाण्याची आणि एक वाहत्या पाण्याची. त्यामुळे ताईला पहाटे उठावं लागतं आणि पेटी दुप्पट जड झाली आहे. शहरात शिशाच्या नळ्यांची अजून तीनेक हजार घरं असावीत, असा अंदाज आहे. मॅडमनी सहा वर्षांचा आराखडा केला आहे.

यात नदीकाठची वस्ती सगळ्यांत मोठी. तिथल्या नळ्या बाबांनी घातल्या नव्हत्या. त्या घातल्या होत्या दुसऱ्या एका मिस्त्रीने. तो आणि बाबा एकेकाळी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, पुढे एका कामावरून त्यांचं बिनसलं, आणि तीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एका रविवारी सकाळी बाबांनी ताईला सांगितलं, वही घे, त्याच्याकडे जायचं आहे. ताई म्हणाली, तुम्ही बोलत नाही ना. बाबा म्हणाले, मी बोलणार नाहीच, तू बोल, मी बसेन.

दुसरे मिस्त्री खिडकीशी आरामखुर्चीत होते. बाबांना पाहून त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग बसायला सांगितलं. ताईने कशासाठी आलो ते समजावलं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी काढून ठेवलं होतं. मी केव्हाची वाट बघतोय, कोणी विचारायलाच येत नव्हतं, असं ते म्हणाले. ताईने वही उघडली. ते पहिल्या घरापासून सांगायला लागले, बाबा गप्प बसून ऐकत होते. पाचव्या घरापर्यंत त्यांना धीर धरवला.

"तिथे वळण उजवीकडे आहे," बाबा म्हणाले. "मी पाहिलंय."

"नळी मी घातली की तू?"

"घातली तू. पण वाकडी घातलीस."

सुनेने चहा आणून ठेवला. ताईने पाचव्या घरापुढे डावीकडे असं लिहिलं, त्याखाली उजवीकडे असंही लिहिलं, आणि दोन्हीपुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. दोघे म्हातारे एकाच वेळी वहीत डोकावून प्रश्नचिन्ह नक्की कोणाच्या शब्दापुढे आहे ते बघत होते.